कुंदनचा उजवा हात

कुंदनने धनराजचे पुढचे दात पाडले आणि त्याच दुपारी तो स्कोलेसाइट काढला. त्याच्या बायकोने, पूजाने, दोन्ही पाहिलं. ती डबा घेऊन खाणीवर गेली होती.

नाशिकजवळच्या विल्होळीच्या मागे, डोंगर अर्धा खाऊन झालेली ती खाण. सकाळी सुरुंग उडाले होते आणि कातळाच्या भिंतीत माणूस वाकून आत शिरेल एवढं भगदाड पडलं होतं. असं भगदाड दिसलं की मुकादम मशीन थांबवायचा आणि दगड काढणाऱ्यांना हाक मारायचा. इथल्या काळ्या पाषाणाच्या पोटात पोकळ्या असतात आणि त्यांना आतून स्फटिकांचं अस्तर असतं. कधी हिरवट अपोफिलाइट, कधी गव्हाच्या पेंढीसारखा बांधलेला नारिंगी स्टिल्बाइट, आणि क्वचित कधीतरी काचेच्या सुयांचा फुलोरा. तो स्कोलेसाइट. ही नावं गंगापूर रोडच्या व्यापाऱ्यांकडून खाणीवर आली होती आणि आता सगळ्यांच्या तोंडात बसली होती.

पोकळीपाशी धनराज आधी पोचला होता. हत्यारांची पिशवी त्याने आत टाकली होती. ज्याची पिशवी आत, त्याची पोकळी. खाणीवर एवढा एकच कायदा होता.

कुंदन आला, वाकला, टॉर्च मारला. आत काय आहे ते त्याला दिसलं.

"पिशवी काढ," तो म्हणाला.

"का म्हणून? मी पहिला हाय."

"तुला जमायचं नाय ते. तू मोडशील. काढ."

धनराज हसला. कुंदनने हातातला हातोडा जपून खाली ठेवला आणि मुठीने त्याच्या तोंडावर मारलं. धनराज पडल्यावर तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. धुणं आपटल्यासारखा आवाज येत होता. मुकादम ओरडला, दोघं धावत आले, पण मध्ये कुणी पडलं नाही. कुंदनच्या मध्ये पडलेल्यांचं काय होतं ते खाणीवर सगळ्यांना माहीत होतं. धनराज कुशीवर वळला आणि मातीत थुंकला. रक्तात दात होते.

कुंदन उठला. "पाणी दे," तो पूजाला म्हणाला.

तिने बाटली ओतली. त्याने बोटं एकेक करून धुतली, नखांतली माती काढली, शर्टाच्या आतल्या बाजूला हात पुसले. चपला बाहेर काढल्या. मग तो देवळात शिरावं तसा आत गेला आणि पूजाला टॉर्च धरून तोंडाशी उभं केलं.

आत छताला तो फुलोरा लटकत होता. सुया केसाएवढ्या बारीक, मधोमध एका गाठीतून चारी बाजूंना फुटलेल्या. कुंदन पाठीवर झोपला आणि मागचा कातळ छिन्नीने खरवडू लागला. ठोकत नव्हता, खरवडत होता. घाम डोळ्यांत गेला तरी त्याने पुसला नाही.

"तिकडं तोंड करून श्वास घे," तो पूजाला हळूच म्हणाला.

दगड सुटला तेव्हा तो त्याच्या तळहातावर बाळासारखा आला. एकही सुई तुटली नव्हती. घरी येताना स्कूटी पूजाने चालवली. मागे खोकं छातीशी धरून कुंदन बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याआधी "हळू, हळू गं" म्हणत होता. फाट्यावर धनराज तोंडाला टॉवेल लावून टपरीच्या बाकावर बसला होता. त्याने त्यांच्याकडे पाहिलं. कुंदनचं लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी गल्लीतले लोक दगड बघायला आले. पूजाने सगळ्यांना चहा केला. "काय हात हाय गड्याचा," लोक म्हणाले. तिलाही तसंच वाटलं, आणि त्याच वेळी पाठीवरचा जुना वळ ब्लाउजच्या शिवणीला घासून झोंबत होता.

कुंदन तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून मारत होता. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, मोबाइल उचलला नाही म्हणून, खाणीवरून रिकाम्या हाताने परत आला म्हणून. मारून झालं की तो पुढच्या खोलीत जाऊन कपाट उघडायचा आणि दगडांसमोर बसायचा. कपाट काचेचं होतं, त्याने स्वतः बनवून घेतलेलं, आत दिव्यांची माळ. चांगले दगड तो विकायचा, पण सगळ्यात चांगले विकायचा नाही. ते या कपाटात राहायचे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, दार आपटायचं नाही, खोलीत केरसुणी फिरवायची ती बसून.

वरच्या फळीवर एकच दगड परका होता. गंगापूर रोडचा शौनक परदेशातल्या दगडांच्या जत्रेला दरवर्षी जायचा. तिथून त्याने तो आणला होता. हातभर नाही, पण वीतभर लांबीचा गारगोटीचा स्फटिक, कोऱ्या चहाच्या रंगाचा, आरपार दिसणारा, टोकाला नीट सहा पैलू.

"आल्प्सचा आहे," शौनक म्हणाला होता. "बर्फातल्या कड्यांवर दोराला लटकून काढतात हे लोक. तुमच्यासारखेच वेडे असतात."

कुंदनने त्याच्या बदल्यात आपला सगळ्यात हिरवा अपोफिलाइट देऊन टाकला. मग तो स्फटिक मुठीत धरून कितीतरी वेळ बसला. कुठल्यातरी लांबच्या डोंगरात कुणीतरी आपल्यासारखाच पाठीवर झोपून हा सोडवला, हे त्याला सारखं बोलायचं होतं. पूजाला त्याने दोनदा सांगितलं. तो तिसऱ्यांदा सांगत असताना तिने जांभई दिली आणि थप्पड खाल्ली.

घरात तिसरं माणूस होतं झुंबरबाई, कुंदनची आई. पूजा तिला आत्याबाई म्हणायची. उभा जन्म तिने खडी फोडली होती आणि तिचे गुडघे गेले होते. आत मारहाण सुरू झाली की ती चुलीपुढून उठायची नाही. आवाज थांबला की म्हणायची, "पूजे, तोंड धुऊन घे. मी वाढते." एवढंच. तिच्या नवऱ्यानेही तिला असंच मारलं होतं, पण ते ती कधी बोलली नव्हती.

वैशाखात गल्लीत एक लग्न निघालं. भर दुपारी नवरदेवाची मिरवणूक आली, ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. कुंदन खाणीवर गेला होता. पहिल्यांदा पातेल्यांची झाकणं वाजली. मग छातीत धडधडायला लागलं. पूजा पुढच्या खोलीत धावली. कपाटाच्या काचा थरथरत होत्या.

तिने दोन्ही तळहात काचेवर दाबून धरले. उपयोग नव्हता. तिच्या डोळ्यांदेखत स्कोलेसाइटची एक सुई निसटली आणि फळीवर पडली. मग दुसरी. मग तीनचार एकदम. ती बाहेर पळाली.

"आवाज कमी करा! अहो, दादा, आमच्या घरात काच हाय!"

पोरं नाचत होती. एकाने तिच्याकडे बघून हात वर केले आणि आणखी जोरात उड्या मारल्या. झुंबरबाईही काठी टेकत दारात आली आणि ट्रकवाल्याला शिव्या देऊ लागली. तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नसेल. मिरवणूक पुढे गेली तेव्हा फुलोऱ्याची एक पूर्ण बाजू झडली होती. फळीवर सुयांचा कचरा पडला होता, कापलेल्या केसांसारखा.

कुंदन चार वाजता आला. चपला काढायच्या आधी त्याला दिसलं.

"अहो, डीजे होता," पूजा म्हणाली. "आत्याबाईंना विचारा. मी धरून ठेवलं होतं..."

"कपाट उघडलं होतंस?"

"नाय. देवाशपथ."

"हात घातला होतास?"

"नाय म्हणते ना."

त्याने तिचा डावा हात धरला आणि मागे पिरगळला. रोजच्यासारखं दुखेल आणि थांबेल असं तिला वाटलं. तो थांबला नाही. मनगटात काहीतरी वाजलं, वाळक्या काटकीसारखं, आणि ती खाली कोसळली. त्याने तिला केसांना धरून उठवलं, तोंड कपाटापाशी नेलं. "बघ. बघ काय केलंस." कपाटाचं दार त्याने दुसऱ्या हाताने उघडलं आणि तिचं तोंड आत दाबलं. झडलेल्या सुया तिच्या गालात शिरल्या. "खा. खा आता."

तिचा उजवा हात मोकळा होता. तो वर गेला, फळीवर चाचपडला, आणि जे सापडलं ते तिने धरलं. मान न वळवता, मागे, सगळ्या अंगानिशी, तिने ते फिरवलं.

केसांवरची पकड सुटली. तिने वळून पाहिलं. कुंदन गुडघ्यावर बसला होता. भुवईच्या वर कातडं फाटून लोंबत होतं आणि रक्त डोळ्यावरून, मिशीवरून, शर्टावर पडत होतं. तिच्या हातात आल्प्सचा स्फटिक होता. तो हातातून सुटून फरशीवर पडला.

आता हा उठेल आणि मला मारून टाकेल, असं पूजाला वाटलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

कुंदनने हात पुढे केला तो तिच्याकडे नाही. त्याने स्फटिक उचलला, शर्टाच्या कोरड्या बाजूला पुसला, उजेडाकडे धरला आणि अंगठ्याचं पेर टोकावरून हळूच फिरवलं. एका डोळ्यात रक्त होतं म्हणून दुसरा बारीक करून तो बघत होता. टोक टवका उडून बोथट झालं होतं.

"गेलं," तो म्हणाला. आणि त्याला रडू फुटलं.

पूजाला मारून तो एकदाही रडला नव्हता. पूजा त्याच्या अंगावरून ओलांडून दाराबाहेर पडली. झुंबरबाई चुलीपाशी उभी होती. कोनाड्यातली आपली पिशवी काढून तिने पूजाच्या चांगल्या हातात दिली. आत बसच्या तिकिटापुरते पैसे होते. पूजा अनवाणी हायवेपर्यंत गेली.

लासलगावला तिचा भाऊ संतोष मार्केट यार्डात हमाली करायचा. उन्हाने काळा पडलेला, पाठीत रुंद, बोलायला कमी. त्याने बहिणीचं मनगट पाहिलं. ते वांग्यासारखं सुजलं होतं. गालावर बारीक टोचलेले ठिपके होते. दवाखान्यात नेऊन त्याने तिला प्लास्टर घालून आणलं.

जेवताना पूजा म्हणाली, "दादा, तू जाऊ नको."

"कुठं?"

"तुला माहीत हाय."

संतोषची बायको निकिता भाकरी थापत होती. ती तव्याकडे बघतच म्हणाली, "ते काय ऐकायचे? कुणाचं ऐकलंय आजवर?" संतोषने तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिने पटकन भाकरी उलटली. पूजाला तेव्हा ते काही उमगलं नाही, तिचं लक्ष आपल्या मनगटात होतं.

सकाळी तिला जाग आली तेव्हा संतोष गेला होता. यार्डातले दोन हमालही गेले होते. ती पुढची बस पकडून निघाली. थांबवायला निघाली होती, हे खरं. बसमध्ये ती मनात शब्द जुळवत होती, दादा सोड, जाऊ दे, मी परत जाणारच नाय तिकडं. वाटेतल्या ओझरपर्यंत ते शब्द शाबूत होते.

गल्लीत बायका दारात उभ्या होत्या, पण कुणी आत गेलेलं नव्हतं. पूजा आत शिरली. कपाट आडवं पडलं होतं. काचा, दगड, दिव्यांची माळ, सगळं एकत्र. कुंदन उंबऱ्यावर पालथा होता. एक हमाल त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला होता, दुसऱ्याने त्याचे दोन्ही हात पुढे ओढून धरले होते. कपाळावरचे टाके उसवून पुन्हा रक्त येत होतं. संतोषच्या हातात घण होता. कुंदनचाच, खाणीवरचा. झुंबरबाई चुलीकडच्या दारात भिंतीला धरून उभी होती.

"आलीस? बरं झालं," संतोष म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "दाजींना विचारलं, कुठल्या हातानं मोडलं. बोलत नायत. तू सांग."

"दादा..."

"कुठला हात, पूजे?"

कुंदनने मान वळवली. पूजाला वाटलं, तो आता आपल्याला काहीतरी म्हणेल. विनवेल, नाहीतर शिवी देईल. पण तो हमालाच्या बुटांकडे बघत होता.

"पाय बाजूला घे," तो म्हणाला. "दगडावर हाय पाय. अरे, पाय काढ ना."

बसमध्ये जुळवलेले शब्द तिच्याकडे होते. तिने ते वापरले नाहीत.

"उजवा," ती म्हणाली.

तिला ठाऊक होतं आता काय होणार. तिने डोळे मिटले नाहीत. संतोषने घण दोनदा मारला. पहिल्यांदा कुंदन ओरडला, दुसऱ्यांदा ओरडायच्या पलीकडे गेला. उंबऱ्याचं लाकूडही चिरलं. बोटं वेगवेगळ्या बाजूंना गेली होती आणि एकाचं हाड कातड्यातून बाहेर आलं होतं. हमालाने हात सोडला आणि मोरीत जाऊन ओकला. पूजाला ओकारी आली नाही. तिला खूप दिवसांनी पोटभर श्वास घेतल्यासारखं वाटलं, आणि लगेच ते वाटल्याची भीती वाटली.

पोलीस आले. संतोष पळाला नाही. घण भिंतीला टेकवून तो ओट्यावर बसला होता. कुंदनला सरकारी दवाखान्यात नेलं आणि शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला की मेहुण्याने घरात घुसून मारलं, आणि बायकोने हात दाखवला. आधी तिने विनाकारण डोक्यात दगड घातला होता, हेही त्याने सांगितलं. गल्लीतल्या कुणी काही पाहिलं नव्हतं. उरली झुंबरबाई.

पोलीस ठाण्यात तिला खुर्ची दिली. ती खाली बसली.

"सुनेनं काय केलं ते सांगा, आजी," साहेब म्हणाले.

"आधी पोरानं काय केलं ते लिहा," झुंबरबाई म्हणाली. "सुरुवातीपासून लिहा. लग्न झालं तवापासून."

तिने सगळं सांगितलं. मिठाचं, मोबाइलचं, पाठीवरच्या वळांचं, कपाटात दाबलेल्या तोंडाचं. कुठल्या वेळी आपण काय करत होतो तेही. "मी त्याच घरात होते. चुलीपुढं बसून ऐकत होते. तेबी लिहा." पूजा बाहेरच्या बाकावर होती. दार उघडं होतं, तिला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"आणि त्या दिवशी? सूनबाई काय म्हणाल्या?"

पूजाने मान खाली घातली.

"उजवा म्हणाली. खोटं नाय बोलायची मी. मला इचारलं असतं तर मीबी तेच म्हणाले असते."

साहेबांनी पेन थांबवलं. "आजी, तुमचाच मुलगा ना?"

"माझाच हाय. दुसऱ्याच्या पोराबद्दल मी कशाला बोलू?"

त्या जबाबाने संतोषबरोबर पूजाही आरोपी झाली. जामीन होईपर्यंत काही आठवडे ती नाशिकरोडच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत राहिली. तिथे एका बाईने पहिल्याच दिवशी तिचं पांघरूण ओढलं, तेव्हा पूजाने प्लास्टरचा हात तिच्या तोंडासमोर नुसता उगारला. बाईने पांघरूण सोडलं. पूजाला त्या रात्री झोप लागली नाही. आपला हात इतक्या सहज वर जातो, हे तिला नवीन होतं.

ती आत असताना विल्होळीत आणखी एक गोष्ट घडली. कुंदन लोखंडी सळया घातलेला हात गळ्यात बांधून दवाखान्यातून घरी आला, आणि धनराजला ते कळलं. तो भर दिवसा चार माणसं घेऊन आला. उरलेसुरले दगड त्यांनी पोत्यात भरले. कुंदन आडवा आला. डाव्या हाताने त्याने एकाचं नाक फोडलं, मग त्यांनी त्याला ओढत रस्त्यावर आणलं आणि लाथांनी तुडवलं. धनराज त्याच्या बांधलेल्या हातावर पाय देऊन उभा राहिला. झुंबरबाई दारातून कुऱ्हाड घेऊन बाहेर येईपर्यंत हे चाललं. गुडघे गेलेली म्हातारी, पण धनराजची माणसं पोतं टाकून मागे सरली. पोत्यात जे होतं त्याचा तोवर भुगा झाला होता.

शौनक गाडी घेऊन आला आणि त्यातलं एखादंदुसरं वाचलंय का हे पोत्यात हात घालून बघू लागला. झुंबरबाईने त्यालाही कुऱ्हाड दाखवली.

वर्षभराने दोन्ही खटले, कुंदनवरचा आणि भावाबहिणीवरचा, वकिलांनी आपसात मिटवले. घटस्फोटाचे कागद त्याच दिवशी झाले. कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली, कुंदन पूजाजवळ आला. संतोष पुढे झाला, तिने त्याला हाताने थांबवलं. कुंदन वाळला होता. उजवा हात पंजासारखा आखडला होता, बोटं मिटत नव्हती.

"मी खाणीवर जातो अजून," तो म्हणाला. "नुसता उभा राहतो. परवा एक पोकळी निघाली. हिरवा निघाला, एवढा. त्यांनी पहारीनं काढला, पूजा. पहारीनं." त्याने आखडलेला हात पुढे धरला. "तू डावा म्हणाली असतीस तरी चाललं असतं ना?"

तो खरंच विचारत होता. पूजाने त्याच्याकडे पाहिलं. माफी मागायला हा आला असेल असं तिला क्षणभर वाटलं होतं, त्याची तिला लाज वाटली.

"नसतं चाललं," ती म्हणाली.

त्याचा डावा हात तिच्या थोबाडीत बसला. आवाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत आवाज गेला. वकील, हवालदार, चहावाला, सगळ्यांनी पाहिलं, आणि विल्होळीहून कुंदनच्या बाजूने आलेले चारदोन लोक होते त्यांनीही. हवालदाराने त्याला दंडाला धरून नेलं. संतोष मागे धावणार होता. पूजाने त्याचा शर्ट धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

त्यानंतर ती लासलगावला संतोषच्या घरी राहिली. यार्डाजवळच्या कांद्याच्या खळ्यावर बायकांबरोबर निवडायला जाऊ लागली. थंडीत मनगट ठणकायचं. झुंबरबाई तिला भेटायला दोनदा येऊन गेली. कुंदनचं ती फार सांगायची नाही. जेवतो, झोपतो, शौनकच्या गोदामात दगड धुवायला जातो, एवढंच.

एके दिवशी यार्ड बंद होतं. दुपारी संतोष पिऊन आला. वाढायला उशीर झाला म्हणून त्याने ताट भिंतीवर फेकलं, उठला आणि निकितावर हात उगारला. निकिताने दोन्ही हातांनी डोकं झाकलं. ज्या सवयीने तिने ते झाकलं, ती पूजाला ओळखीची होती. भाकरी थापताना ती काय म्हणाली होती ते पूजाला आता कळलं.

ती मध्ये जाऊन उभी राहिली.

"दादा, हात खाली घे."

"बाजूला हो. तुझ्यापायी मी तुरुंगात गेलो."

"माहीत हाय. जन्मभर विसरायची नाय. हात खाली घे."

संतोषने मारलं. पूजाच्या कानात घंटा वाजली आणि ती चुलीवर आदळली, पण तिथून हलली नाही. तो पुन्हा हात उचलायला गेला आणि मध्येच थांबला. आपण कुणाला मारलं ते त्याला आत्ता कळलं असावं. त्याने आपल्या तळहाताकडे पाहिलं, खाली बसला, आणि सांडलेली आमटी हाताने गोळा करू लागला.

"कर काहीतरी," तो म्हणाला. "मला शिव्या दे."

पूजाने शिवी दिली नाही. तिने निकिताला उठवलं आणि "चप्पल घाल" म्हणाली. खळ्याच्या मागे एका बाईची खोली रिकामी होती, ती तिला ठाऊक होती. निकिता दारात घुटमळली. वळून नवऱ्याकडे तिने पाहिलं. मग कोपऱ्यातली कपड्यांची पिशवी तिने उचलली. ती भरलेलीच होती.

दोघी यार्डाच्या भिंतीच्या कडेने चालत निघाल्या. गेटवर कांद्याचे ट्रॅक्टर उद्याच्या लिलावासाठी आतापासून रांगेत लागले होते. पूजाचा कान अजून वाजत होता, म्हणून निकिता काय बोलतेय ते तिला दोनदा विचारावं लागलं.

"मी म्हणते," निकिता म्हणाली, "किती दिवस?"

"माहीत नाय," पूजा म्हणाली. "आधी खोली झाडून घेऊ."